विंडोज नव्याने टाकलं आणि माझंच फोल्डर मला उघडेना

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे ज्यांच्यावर अशीच वेळ आली आहे त्यांनाही पुढचं समजेल. तुमचं तालुक्याच्या गावी टायपिंग आणि डीटीपीचं सेंटर आहे. त्याच कॉम्प्युटरवर यजमानांच्या हार्डवेअर दुकानाचे हिशेब टॅलीत आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून ओळखीच्या मुलाकडून विंडोज ११ नव्याने टाकून घेतलं. 'डी ड्राइव्हला मी हातच लावला नाही' असं तो सांगतो, आणि फोल्डर दिसतायत म्हणजे ते खरंही आहे. पण 'ग्राहक' हे फोल्डर उघडायला गेलं की परवानगी नाही म्हणतं. सी ड्राइव्हमध्ये विंडोज डॉट ओल्ड नावाचं एक भलंमोठं फोल्डर आलंय (नवं टाकताना जुनं विंडोज त्यात बाजूला ठेवलं जातं), त्यातलं तुमच्या नावाचं फोल्डरही अडवतं. डीमध्ये ठेवलेले टॅली आणि पानं जुळवायचं पेजमेकर चालू होत नाहीत. ज्या फाइल उघडतात त्यांतलं मराठी भलतंच काहीतरी दिसतं. क्रोममधले पासवर्ड गेले. आणि तुमचा खरा प्रश्न हा, की कॉम्प्युटर माझा, नाव तेच, पासवर्डही तोच ठेवला, मग मला का अडवतो?

मी एकवीस वर्षं हेच काम करतोय. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुमचं जवळजवळ सगळं परत मिळेल असं मला वाटतं. पण त्यासाठी आज संध्याकाळी एक पथ्य पाळा. डिस्क क्लीनअप चालवू नका, 'जागा मोकळी करा' अशी सूचना आली तर ती नाकारा, कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवून घेऊ नका आणि त्या मुलाला 'परत एकदा नीट टाकून दे' असं सांगू नका. माझ्याकडे येणाऱ्या अशा मशिनांमध्ये विंडोज टाकताना गेलेल्या डेटापेक्षा नंतरच्या दोन दिवसांच्या घाईत गेलेला डेटा जास्त असतो. विंडोज डॉट ओल्ड तर विंडोज स्वतःच साधारण दहा दिवसांनी काढून टाकू शकतं. तुम्हाला चार दिवस झालेत. म्हणून आधी एक रिकामी बाहेरची हार्डडिस्क आणा. पेनड्राइव्हवर भागवू नका.

आता 'मला का अडवतो' याचं उत्तर. हे नीट कळलं की पुढच्या निम्म्या गोष्टी तुमच्या तुम्हालाच सुचतील.

विंडोज तुम्हाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खातं तयार होताना ते त्या खात्याला एक लांबलचक क्रमांक देतं. त्याची सुरुवात एस-१-५-२१ अशी असते आणि पुढे त्या त्या इन्स्टॉलेशनपुरते तयार झालेले आकडे असतात. फोल्डरच्या कागदपत्रात मालक म्हणून तुमचं नाव नसतं, हा क्रमांक असतो. विंडोज नव्याने टाकलं की आकडे नव्याने तयार होतात. तुम्ही खात्याला तेच नाव दिलंत, तोच पासवर्ड ठेवलात, तरी विंडोजच्या लेखी तुम्ही वेगळ्या व्यक्ती आहात आणि जुनी व्यक्ती आता अस्तित्वातच नाही. 'ग्राहक' फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधली सिक्युरिटीची पट्टी उघडून बघा. नावांच्या यादीत एखाद्या ओळीवर प्रश्नचिन्ह असलेला छोटा माणूस आणि पुढे 'अकाउंट अननोन' किंवा नुसते आकडे दिसतील. तो माणूस म्हणजे जुन्या तुम्ही.

गावाकडच्या माणसाला हे सातबाऱ्याच्या भाषेत पटकन कळतं. जमीन जागेवर आहे, बांध जागेवर आहेत, पण उताऱ्यावर नाव अजून आजोबांचं आहे. तुम्ही वारस आहात, सगळ्या गावाला माहीत आहे, पण फेरफार झाल्याशिवाय तलाठ्याच्या दप्तरात तुम्ही कुणीच नाही. इथेही फेरफारच करायचा आहे. आणि एक बारकावा असा, की विंडोजमध्ये मालकी वेगळी आणि वहिवाट वेगळी. मालकी मिळाली म्हणजे आत जायला मिळालं असं नाही; मालकाला फक्त 'कुणाला आत सोडायचं' हे ठरवायचा हक्क मिळतो. त्यामुळे लोक मालकी बदलतात, तरी फोल्डर उघडत नाही, आणि मग 'सगळं करून बघितलं' म्हणून सोडून देतात. अर्धंच काम केलेलं असतं.

मग डीमधली बाकीची फोल्डरं कशी उघडली आणि 'ग्राहक'च का अडलं? डीच्या मुळाशी तुम्ही साधं फोल्डर केलं की त्याला ड्राइव्हच्याच परवानग्या लागू होतात, आणि त्यात लॉगिन केलेल्या कुणालाही मुभा असते. म्हणून ती नव्या खात्यालाही उघडतात. 'ग्राहक' तुम्ही बहुतेक सेंटरमधल्या दुसऱ्या मशीनला ठरावीक माणसांसाठी शेअर केलं असणार. शेअरिंगच्या त्या खिडकीने ड्राइव्हकडून आलेल्या परवानग्या तोडून त्या फोल्डरला स्वतःची वेगळी यादी करून दिली आणि त्या यादीत जुन्या तुम्ही आहात. विंडोज डॉट ओल्डमधलं तुमच्या नावाचं फोल्डर तर जन्मापासूनच खासगी असतं, एका वापरकर्त्याचं दुसऱ्याला दिसू नये म्हणून.

आता हात घालूया.

फोल्डरवर दोनदा क्लिक केल्यावर जी सूचना येते तिच्याखाली 'कन्टिन्यू' असं बटण असेल. तुमचं नवं खातं ॲडमिनिस्ट्रेटर असेल तर ते दाबा. फोल्डर मोठं असेल तर वर हिरवी पट्टी हळूहळू सरकते, पाच-दहा मिनिटंसुद्धा लागतात. मध्येच बंद करू नका. बऱ्याच वेळा एवढ्यावर काम होतं, कारण जुन्या यादीत 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' हा गट असतो आणि हे बटण त्या गटाच्या जोरावर तुमचं नाव यादीत घालतं.

नाही झालं आणि 'सिक्युरिटी टॅब वापरा' असा निरोप आला, तर मग फेरफार. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, खाली ॲडव्हान्स्ड. नव्या खिडकीत सगळ्यात वर 'ओनर' लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी निळ्या अक्षरात 'चेंज'. तिथे तुमच्या खात्याचं नाव टाइप करा आणि 'चेक नेम्स' दाबा. नावाखाली रेघ आली म्हणजे विंडोजने ओळखलं. ओके केल्यावर ओनरच्या खाली एक छोटा चौकोन उगवतो, 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स'. त्यावर टिक करायला विसरलात तर फक्त वरचं दार तुमचं होतं, आतल्या खोल्या जुन्याच मालकाच्या राहतात. अप्लाय करा, सगळ्या खिडक्या बंद करा आणि पुन्हा त्याच ठिकाणी या. खिडकी बंद करून पुन्हा उघडावी लागते, कारण नव्या मालकीवरचे हक्क जुन्या उघड्या खिडकीत दिसत नाहीत. आता 'ॲड', मग 'सिलेक्ट अ प्रिन्सिपल', परत तुमचं नाव, खाली 'फुल कंट्रोल'वर टिक, ओके. ही झाली वहिवाट. आतल्या काही फाइल तरीही अडल्या तरच तळाशी असलेल्या 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज' वर टिक करा.

हे 'ग्राहक'साठी करा. पण विंडोज डॉट ओल्डसाठी मी हे करत नाही. तिथे हजारो छोट्या फाइल असतात आणि परवानग्या बदलत बसण्यात अख्खी दुपार जाते. मला तिथून फक्त माल बाहेर काढायचा असतो. त्यासाठी विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाची आज्ञा आहे, कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडून चालवायची. तिला 'बॅकअप मोड'चं चिन्ह, म्हणजे तिरपी रेघ आणि इंग्रजी बी हे अक्षर लावलं, की ती बॅकअप घेणाऱ्याच्या अधिकाराने फाइल वाचते. दारावर कुणाचं नाव आहे ते बघत नाही. जुन्या फोल्डरच्या परवानग्यांना धक्का लागत नाही आणि बाहेरच्या डिस्कवर उतरलेली प्रत जुन्या मालकाचं ओझं घेऊन येत नाही. तिरपी रेघ आणि ई लावलं की आतली सगळी फोल्डरं येतात. आणखी दोन चिन्हं मी कधीच विसरत नाही. एक एक्सजे, कारण जुन्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे तुमच्या नावाच्या त्या फोल्डरात, 'ॲप्लिकेशन डेटा' वगैरे नावांचे काही नुसते दिशादर्शक असतात. ते फोल्डर वाटतात पण परत वरच्याच फोल्डरकडे बोट दाखवतात, आणि कॉपी गोल गोल फिरत राहते. दुसरं म्हणजे आर आणि डब्ल्यू यांना एक-एक आकडा देणं. तो दिला नाही तर एखादी फाइल अडली की रोबोकॉपी दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करते. माझ्याकडे एक मशीन अशा अवस्थेत आलं होतं की कॉपी तीन दिवस एकाच फाइलवर थांबलेली, आणि मालक 'डेटा फार आहे' असं समजून वाट बघत बसलेले.

हे दिशादर्शक तुम्हाला एक्सप्लोररमध्येही दिसतील, बाणाचं चिन्ह असलेले 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज', 'माय डॉक्युमेंट्स' वगैरे. त्यांच्यावर क्लिक केलं की परवानगी नाही असंच येणार. ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. त्यांची मालकी घेत बसू नका, आत काहीही नाही. तसंच सरसकट पूर्ण सी ड्राइव्हची किंवा चालू विंडोजच्या फोल्डरची मालकी घेऊ नका. ती फोल्डरं 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' नावाच्या व्यवस्थेच्या ताब्यात असतात आणि अपडेट तीच करते. मालक बदलला की काही दिवसांनी अपडेट फसायला लागतात आणि कारण कुणाला सापडत नाही. आणि 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल द्या असा सल्ला कुणी दिला तर सेंटरच्या मशीनवर तो पाळू नका. तुमच्याकडे लोकांची आधार, जात प्रमाणपत्रं, जमिनीचे कागद स्कॅन होऊन पडलेले असतात.

दोन प्रसंगांत फेरफार करून काहीच होत नाही, ते ओळखता यायला हवेत. ड्राइव्हवरच कुलपाचं चिन्ह असेल आणि ४८ अंकी किल्ली मागत असेल, तर ते बिटलॉकर आहे, म्हणजे अख्खा ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. ती किल्ली बहुतेक वेळा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने जुन्या विंडोजमध्ये लॉगिन केलं होतं त्या खात्यात साठवलेली सापडते. खातं मुलीच्या ईमेलचं असेल तर तिच्या खात्यात बघा. दुसरं, फाइलच्या चित्रावर कोपऱ्यात छोटं कुलूप असेल आणि सिक्युरिटीची सगळी खटपट करूनही ती उघडत नसेल, तर ती जुन्या खात्याच्या किल्लीने सांकेतिक केलेली आहे. त्या किल्लीची प्रत आधी काढून ठेवली नसेल, तर जुनं प्रोफाइल पुसलं जाऊ देऊ नका आणि जाणकाराकडेच जा. तुमच्या वर्णनात यातलं काही दिसत नाही.

आता प्रोग्रॅमकडे वळतो. इथे मात्र मला स्पष्ट सांगावं लागेल. डीमधल्या प्रोग्रॅमच्या फोल्डरांना परवानग्या देऊन टॅली आणि पेजमेकर चालू करायचा नाद सोडा. फाइल म्हणजे सामान, प्रोग्रॅम म्हणजे लावलेलं बिऱ्हाड. इन्स्टॉल करताना प्रोग्रॅम आपलं फोल्डर बनवतो, त्याशिवाय रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, शेकडो नोंदी करतो, सी ड्राइव्हमध्ये सामायिक फाइल ठेवतो, लायसन्सची नोंद लपवतो. जुन्या विंडोजबरोबर त्या सगळ्या गेल्या. डीमध्ये उरलेत ते नुसते चार खांब. नवीन इन्स्टॉल हाच मार्ग. फक्त, इन्स्टॉल करताना जुन्याच फोल्डरवर टाकू नका. जुन्या फोल्डरचं नाव बदलून 'जुनं टॅली' करा आणि नवं सरळ त्याच्या नेहमीच्या जागी जाऊ द्या. जुन्या फोल्डरात तुमचा डेटा असू शकतो.

टॅलीचंच बघा. 'जुनं टॅली'मध्ये डेटा नावाचं फोल्डर असेल आणि त्यात आकड्यांच्या नावाची फोल्डरं. प्रत्येक आकडा म्हणजे एक कंपनी. तिथे काही नसेल तर विंडोज डॉट ओल्डमध्ये युजर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम असं शोधा. हे फोल्डर सापडलं की आधी त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर. मग टॅली इन्स्टॉल करा, लायसन्सचा सिरीयल नंबर आणि ज्या ईमेलवर ते घेतलंय त्याने पुन्हा सुरू करा. तो ईमेल ज्या मुलाने टॅली बसवून दिलं त्याचा असेल, तर आजच त्याला फोन करा. सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा रस्ता द्यायची सोय आहे, तिथे नव्या जागी ठेवलेली प्रत दाखवा. आणि लक्षात ठेवा, जुन्या आवृत्तीचा डेटा नव्या टॅलीने उघडला की तो नव्या रचनेत बदलला जातो, मागे येत नाही. म्हणून मूळ फोल्डरला हात न लावता प्रतीवरच काम करा.

जीएसटीसाठी डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरत असाल तर त्याची काळजी नको. प्रमाणपत्र त्या यूएसबी टोकनमध्येच असतं. फक्त त्याचा ड्रायव्हर आणि सही करायचं ते छोटं सॉफ्टवेअर पुन्हा टाका.

पेजमेकरबाबत एक अडचण आधीच सांगतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचं काहीही चालत नाही. तुमची सीडी फार जुनी असेल तर कधी कधी प्रोग्रॅम ३२ बिटचा पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा असतो, आणि तो सुरूच होत नाही. तसं झालं तर याच मशीनमध्ये एक आभासी मशीन (सॉफ्टवेअरने तयार केलेला कॉम्प्युटरमधला कॉम्प्युटर) करून त्यात जुनं ३२ बिटचं विंडोज ठेवता येतं. माझ्या दोन डीटीपीवाल्या गिऱ्हाइकांचं काम असंच चालू आहे. इन्स्टॉल झालं, तर जुनी फाइल उघडण्याआधी प्रिंटर बसवून घ्या. पेजमेकर पानाची जुळणी प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे बघून करतो. प्रिंटर नसताना फाइल उघडून सेव्ह केली तर ओळी सरकतात, आणि दोनशे पानांच्या स्मरणिकेत सरकलेल्या ओळी परत बसवणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि आता मराठी. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती या वाक्याची: 'काही फाइल खराब झाल्या आहेत, त्या डिलीट करून पुन्हा टाइप कराव्या लागतील का?' नाही, ताई. एकही डिलीट करू नका. त्या खराब झालेल्या नाहीत.

श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकच्या आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेले डीव्हीबी-टीटी सुरेख, योगेश हे फॉन्ट ज्या काळात आले तेव्हा कॉम्प्युटरकडे देवनागरीला स्वतःची अशी जागाच नव्हती. मग अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवली गेली. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवलेलं असतं ते एखादं इंग्रजी अक्षर, एखादं चलनाचं चिन्ह, डोक्यावर दोन टिंबं असलेला ओ. त्याला 'क'चा किंवा काना-मात्रेचा आकार देतो तो फॉन्ट. फॉन्ट गेला की आतला इंग्रजी सांगाडा उघडा पडतो. फॉन्ट परत आला की त्याच सांगाड्यावर मराठी परत चढते, एका वेलांटीचाही फरक पडत नाही.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. त्यांनी सात-आठ वर्षं घालून आपल्या गावाचा इतिहास टाइप केला होता. घराणी, वाडे, विहिरी, दुष्काळात कुणी काय केलं ते सगळं. कुणीतरी त्यांचं विंडोज नव्याने टाकून दिलं आणि फाइल उघडल्यावर सगळी चिन्हं दिसली. 'व्हायरस लागलाय, काढून टाका' असं त्यांना सांगण्यात आलं आणि त्यांनी खरोखरच बावीसपैकी पाच प्रकरणं काढून टाकली होती, रीसायकल बिनसुद्धा रिकामी केली होती. उरलेल्या फाइल मी त्यांच्यासमोर उघडल्या. जुन्या विंडोजच्या फोल्डरातून फॉन्टची एक फाइल उचलली, तिच्यावर राइट क्लिक केलं, इन्स्टॉल दाबलं, वर्ड बंद करून पुन्हा उघडलं. पहिल्या पानावर गावाचं नाव आलं. गुरुजी काही बोलले नाहीत, खुर्ची पुढे ओढून वाचत बसले. पाचांपैकी तीन प्रकरणं नंतर मिळाली, कारण डिस्क जुन्या प्रकारची होती आणि त्यांनी त्यानंतर मशीन फारसं वापरलं नव्हतं. दोन मिळाली नाहीत. ती त्यांनी परत लिहिली.

म्हणून तुमच्यासाठी क्रम असा. विंडोज डॉट ओल्डमध्ये विंडोज आणि त्यात फॉन्ट्स हे फोल्डर उघडा. तिथे तुमचे जुने फॉन्ट असतील. सगळे उचलून नव्यात ओतू नका, फक्त मराठीचे निवडा. तिथे नसतील तर आणखी एक जागा आहे जी फार जणांना माहीत नसते. विंडोज १० च्या काळापासून एका वापरकर्त्यापुरते बसवलेले फॉन्ट त्याच्या प्रोफाइलमध्ये जातात: तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स. ॲपडेटा लपवलेलं असतं, तेव्हा आधी 'हिडन आयटम्स' दाखवायला सांगा. नव्यात बसवताना राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा, म्हणजे सेंटरमधल्या सगळ्या खात्यांना मिळतील. श्रीलिपीचं तुमचं पॅकेज यूएसबी लॉकवालं, म्हणजे पेनड्राइव्हसारखी किल्ली लावल्यावरच चालणारं, असेल तर फॉन्टमुळे फाइल दिसायला लागतील, पण टाइप करण्यासाठी सॉफ्टवेअर आणि लॉकचा ड्रायव्हर दोन्ही लागतील. लॉक जपून ठेवा, ते हरवलं तर पुढचं सगळं अडतं.

युनिकोडमधल्या, म्हणजे देवनागरीला स्वतःची जागा असलेल्या नव्या पद्धतीतल्या, फाइलही थोड्या वेगळ्या दिसतील, त्याने घाबरू नका. मंगल आणि कोकिळा हे फॉन्ट आताच्या विंडोजमध्ये आपोआप येत नाहीत, त्यांच्या जागी निर्मला दिसतो. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समधून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घेतले की मंगल परत येतो. सरकारी नमुने मंगलमध्ये जुळवलेले असतात, त्यामुळे हे तुम्हाला करावंच लागेल.

क्रोमच्या पासवर्डबद्दल खोटी आशा दाखवत नाही. जुन्या प्रोफाइलमध्ये त्यांची फाइल आहे, पण ती जुन्या खात्याच्या किल्लीने बंद केलेली आहे. फाइल उचलून नव्यात ठेवली तरी क्रोमला ती वाचता येत नाही. बुकमार्कची फाइल मात्र साधी असते, क्रोम बंद ठेवून ती नव्या जागी ठेवली की चालते. पासवर्डसाठी आधी तुमचा फोन बघा. कॉम्प्युटरवर आणि फोनवर एकच गूगल खातं असेल आणि सिंक चालू असेल, तर फोनच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये सगळे बसलेले असतात, आणि कॉम्प्युटरवर त्याच खात्याने लॉगिन केलं की आपोआप उतरतात. नसतील तर एकेक करून 'पासवर्ड विसरलो' करावं लागेल. बँक आणि जीएसटीपासून सुरुवात करा. फायरफॉक्स वापरत असाल तर ते वेगळं आहे. त्याचं प्रोफाइल फोल्डर पूर्ण उचलून आणलं की पासवर्डसकट चालतं.

ऑफिस लॅपटॉपबरोबर आलेलं असेल तर ते पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलं त्याच खात्याने परत मिळतं. विंडोजचं ॲक्टिव्हेशन बहुतेक आपोआप होतं, कारण त्याचा हक्क मदरबोर्डशी बांधलेला असतो. ड्राइव्हची अक्षरं बदलली असतील, म्हणजे डीचं ई झालं असेल, तर डिस्क मॅनेजमेंटमधून पूर्वीचं अक्षर परत द्या. पेजमेकर आणि कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमधली चित्रांची जोडणी त्या अक्षरावर अवलंबून असते.

डेस्कटॉपवरच्या फाइल जुन्या प्रोफाइलमध्ये सापडल्या नाहीत, तर वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरात बघा. आजकाल विंडोज डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स न विचारल्यासारखंच तिकडे हलवतं. तिथे फाइलवर ढगाचं चित्र असेल तर ती फाइल मशीनवर नाहीच, नुसतं नाव आहे. तशी नावं कॉपी करून उपयोग नाही. त्या खात्याने लॉगिन करून फाइल खाली उतरवून घ्यायची.

जाता जाता त्या पाच प्रकरणांवरून एक. तुमच्याकडूनही एखादी फाइल खरोखर डिलीट झाली असेल आणि ती डिस्क एसएसडी असेल, तर परत मिळायची शक्यता फार कमी असते, कारण मोकळ्या झालेल्या जागा एसएसडी स्वतःच साफ करते. साधी फिरणारी हार्डडिस्क असेल तर आशा असते, पण त्या ड्राइव्हवर त्यानंतर एकही नवी गोष्ट लिहिली जाता कामा नये. तसं असेल तर त्या ड्राइव्हवरचं काम थांबवा आणि मला कळवा.

उद्याचा दिवस फक्त प्रती काढण्यात जाऊ द्या: विंडोज डॉट ओल्डमधलं तुमच्या नावाचं फोल्डर, पब्लिक, फॉन्ट्स, आणि डीमधलं 'जुनं टॅली'. परवा 'ग्राहक'चा फेरफार आणि फॉन्ट, म्हणजे सेंटरचं काम सुरू होईल. टॅली तिसऱ्या दिवशी, लायसन्सचा ईमेल हातात आल्यावर. आणि सगळं नीट चालू झालं तरी बाहेरच्या डिस्कवरच्या जुन्या प्रती लगेच पुसू नका. या महिन्याचं जीएसटी रिटर्न नव्या टॅलीतून भरून होऊ दे आणि मागच्या वर्षीची एखादी लग्नपत्रिका काढून, छापून, कागदावर वाचून बघा.